हा अडकित्ता कशाला नेतोस?

पहिल्या दिवशी मी घरी ओतलेल्या बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या बघून बायको म्हणाली, बेदाणे बरे झालेत की. आणि खरंच बेदाणेच होते ते, सुरकुतलेले, एका बाजूला चपटे, चाळीस गोळ्यांतल्या जेमतेम सहा गोल म्हणाव्यात अशा. त्याला आता सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात न्यू जर्सीच्या एका मित्राने विचारलं की मला पण सुरू करायचंय, काय काय घेऊ, त्याला व्हॉट्सॲपवर उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकतो.

आधी संदर्भ देतो नाहीतर लोक घाबरतील. मी राहतो पेनसिल्व्हेनियात. इथे ठासणीच्या बंदुकीचं वेड आहे, म्हणजे अगदी चकमकीची, अठराव्या शतकात इथल्या लँकेस्टर भागात जर्मन कारागिरांनी बनवलेल्या लांब नळीच्या रायफलींच्या धाटणीची. १९७४ पासून राज्यात हरणाच्या शिकारीचा एक वेगळा सीझनच आहे जो फक्त चकमकीच्या बंदुकीवाल्यांसाठी असतो, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, कडाक्याच्या थंडीत, आणि लोक तरी जातात. मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा हरणांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं नाही. त्यामुळे माझं सगळं नेमबाजी क्लबच्या रेंजवर कागदावर भोकं पाडण्यापुरतं. पण त्या बंदुकीला गोळी लागते शिशाची, मऊ, गोल, आणि ती घरी ओतणं इथे कायदेशीर आहे आणि जुन्या लोकांत तर रिवाजच आहे. भारतात वाचणाऱ्यांनो, तिकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवाना आहे, तेव्हा हे वाचून उगाच परसात चूल मांडू नका.

आता माझं आजोळ कुडाळजवळ, आणि आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको, निवडणूक आली की गावातल्या सगळ्या बंदुका पोलीस स्टेशनात जमा व्हायच्या आणि मग दोन महिने माकडांची चंगळ. आजोबा मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपीच्या, मागे चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळवायचे. त्याच शिशातून शेजारच्यांच्या पागासाठी मणी पण ओतून द्यायचे, पाग म्हणजे ते फेकायचं जाळं, त्याच्या कडेला शिसं लागतं ना बुडायला. मी लहान, लांब उभा, आणि घाई मलाच जास्त. ते म्हणायचे, "रवं रे, साचो अजून थंड आसा." म्हणजे थांब रे, साचा अजून थंड आहे. हे एक वाक्य जरी मी नीट लक्षात ठेवलं असतं ना तर पहिल्या दिवसाचे बेदाणे वाचले असते.

सगळे पहिला प्रश्न विचारतात पॉट, म्हणजे शिसं वितळवायचं भांडं, कुठला घेऊ. मी पण तेच केलं. विजेवर चालणारा, बुडाला तोटी असलेला, दांडा उचलला की खालून धार, साचा फक्त खाली धरायचा. दिसायला एकदम प्रोफेशनल. कंपनीचं नाव सांगत नाही, पण माझा पॉट दुसऱ्याच दिवशी गळायला लागला, टप टप टप, गळक्या नळासारखा, आणि खाली शिशाचे स्टॅलॅक्टाइट. कारण साधं आहे, शिशातली घाण तळाशी त्या तोटीच्या बसकणीत जाऊन बसते आणि झडप पूर्ण मिटत नाही. माझं शिसं घाण होतं हा माझाच दोष म्हणा अर्धा. पण मुद्दा असा की गोल गोळ्या, त्या पण एका वेळी पन्नास-शंभर, यासाठी तोटीचा पॉट लागतच नाही. साधा दहा पौंडी भांड्यासारखा पॉट आणि एक ओतायची पळी, बास. ज्यांना पिस्तुलाच्या हजार हजार गोळ्या ओतायच्या असतात त्यांनी तोटीवाला घ्यावा, त्यांना वेग हवा असतो. आपल्याला एका पौंडात एकोणचाळीस गोळ्या होतात, तेवढ्यात पूर्ण संध्याकाळ जाते आणि ती जावी असंच वाटतं.

पळी मात्र नीट घ्या. स्वयंपाकघरातली जुनी डाव चालते असं लोक सांगतात, नाही चालत, म्हणजे चालते पण शिशाच्या वरची राखाडी साय पण गोळीत जाते. ओतायच्या पळीला बाजूला चोच असते, तिच्यातून खालचं स्वच्छ शिसं येतं, साय मागे राहते. ही चोच साच्याच्या भोकाला टेकवून दोन्ही मिळून सरळ करायचं, वरच्या शिशाचं वजन खालच्या शिशाला साच्यात दाबून बसवतं आणि गोळी भरीव होते. हे मला एका म्हाताऱ्याने रेंजवर हातवारे करून शिकवलं, त्याच्या हातात तेव्हा कॉफीचा कप होता, कॉफी सांडली पण कळलं.

थर्मामीटर. इथे कंजूषपणा करू नका. मी पहिले तीन महिने पॉटच्या डायलवरच्या आकड्यांवर विसंबलो, एक ते दहा असे आकडे असतात, ते कसले आहेत कोणास ठाऊक, आमच्या लिफ्टमधल्या पंख्याच्या बटणासारखे. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, पण वितळलं म्हणजे ओतायला तयार झालं असं नाही. मी साधारण ३८० ते ४०० च्या मध्ये ओततो. शुद्ध शिसं हे टणक करायला कथील-अँटिमनी हे धातू मिसळलेल्या शिशापेक्षा जास्त तापमान मागतं, जरा आळशी असतं ते, कोपऱ्यात शिरायला कंटाळा करतं. आणि वरच्या बाजूला मर्यादा एवढ्यासाठी की जस्त ४१९ ला वितळतं. भंगारात चुकून जस्ताचा तुकडा आला असेल तर ४०० च्या आत तो वर तरंगत राहतो आणि झाऱ्याने काढता येतो, एकदा का वितळून मिसळला की सगळं लॉट ओटमीलसारखं होतं, ओतलंच जात नाही. म्हणजे थर्मामीटर हा चाळणीचं पण काम करतो.

तर आता साचा. माझ्या मते पैसे, वेळ, लाड सगळे इथे. माझी बंदूक ०.५० इंच बोअरची, म्हणजे नळी आतून तेवढी रुंद, तिला ०.४९० ची गोळी लागते. लोक विचारतात बारीक गोळी का, सैल नाही होत? नाही, कारण गोळी एकटी जात नाही, फडक्याच्या चकतीत गुंडाळून जाते. माझं फडकं ०.०१५ इंच जाड, दोन्ही बाजूंनी धरलं की ०.५२० झालं, म्हणजे नळीपेक्षा जाड, म्हणून ते गजाने ठासावं लागतं आणि दाबलं गेलेलं फडकं नळीतल्या आट्यांमध्ये, म्हणजे आतल्या पिळदार खाचांमध्ये, शिरतं. आट्या फडकं धरतात, फडकं गोळी धरतं. आणि गोळी मऊ हवी म्हणजे फडक्याचा ठसा तिच्यावर उमटतो, घसरत नाही. गोळी सुटल्यावर समोर शोधलं तर ते फडकं दहा-पंधरा पावलांवर गवतात पडलेलं मिळतं, जळकं, मध्ये गोल डाग, त्यावरून बंदुकीची तब्येत वाचता येते. विषयांतर झालं.

साचे तीन धातूंचे मिळतात. ॲल्युमिनियमचा, ली कंपनीचा, दोन खणांचा म्हणजे एका वेळी दोन गोळ्यांचा, मूठ लावूनच येतो, मी तीसेक डॉलरला घेतला होता. हलका, पटकन तापतो, गंजत नाही. पण पटकन निवतो पण, आणि आपटाआपटी सहन करत नाही, बिजागरीची भोकं सैल होतात. लोखंडाचा, लायमन वगैरे, ही १८७८ सालची कंपनी, साचा नातवंडांना देता येतो पण तापायला वेळ घेतो आणि पावसाळी हवेत नुसतं बघितलं तरी गंजतो, मूठ वेगळी विकत घ्यावी लागते हे ऑर्डर केल्यावर कळतं. पितळेचा सगळ्यात देखणा, उष्णता छान धरतो, पण वजन असं की दीडशे गोळ्यांनंतर मनगट बोलायला लागतं. नवशिक्याने ॲल्युमिनियमचाच घ्यावा, शिकताना जे वाकडं करायचंय ते तीस डॉलरमध्ये करून घ्यावं.

आणि आता माझे बेदाणे का झाले ते. दोन कारणं. एक, नवीन साच्याला कारखान्याचं तेल असतं, ते मी पुसलं फक्त, धुतलं नाही. भांड्याचा साबण, गरम पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन खणाच्या आतून घासून काढायला हवं होतं आणि मग कडकडीत वाळवायला. तेलाचा अंश राहिला की शिसं त्याच्यापासून लांब पळतं आणि सुरकुत्या पडतात. दुसरं, साचा थंड. साचो अजून थंड आसा! पॉटमधलं शिसं चारशेवर आणि साचा गॅरेजच्या नोव्हेंबरातल्या हवेइतका, शिसं आत शिरता शिरता गोठणारच. आता मी शेजाऱ्याच्या सामानविक्रीतून आणलेल्या दोन डॉलरच्या विजेच्या शेगडीवर लोखंडी पत्रा ठेवून साचा आधीच तापवत ठेवतो, शिसं तापेपर्यंत तोही तापतो. तरी पहिल्या सात-आठ गोळ्या परत पॉटमध्येच जातात, घावन काढताना पहिला कसा तव्याला देऊनच टाकायचा असतो तसं.

खणाला आतून मेणबत्तीची काजळी धरायची की नाही यावर लोक भांडतात. मी धरतो, गोळी सुटायला सोपी जाते. बिजागरीला आणि वरच्या प्लेटच्या खिळीला कानातल्या कापसाच्या काडीने टू-स्ट्रोक तेलाचा पुसटसा हात, थेंब नाही, पुसट, कारण ते तेल खणात उतरलं की पुन्हा बेदाणे.

वरची प्लेट म्हणजे साच्यावर फिरणारी एक पट्टी, तिच्या भोकातून ओतायचं, वर एक छोटं डबकं जमतं, मी त्याला शेंडी म्हणतो. हे डबकं चकाकतं, मग थरथरतं, मग एका क्षणात मंद होतं, डोळ्याला कळतं तो क्षण. त्यानंतर तीन-चार सेकंद अजून थांबायचं. घाई केली की शेंडी कापली न जाता फाटते, प्लेटच्या खाली शिसं सारवलं जातं आणि गोळीच्या डोक्यात खड्डा पडतो. मग लाकडाने टकटक, माझ्याकडे तुटलेल्या हातोडीचा दांडा आहे, धातूने कधीही मारायचं नाही. शेंडी कापली की साचा उघडायचा आणि गोळी घडी घातलेल्या जुन्या टॉवेलवर सोडायची. शिसं मऊ आहे, एकमेकांवर पडल्या की पोचे पडतात. काही लोक पाण्यात टाकतात, त्याने टणक होते म्हणतात, ते अँटिमनीवाल्या मिश्रणाला, शुद्ध शिशाला त्याने काही फरक पडत नाही आणि चारशे अंशाच्या पॉटजवळ पाण्याची बादली ठेवायची कल्पनाच मला सहन होत नाही.

कारण पाण्याचं मी बघितलंय. दुसऱ्या हिवाळ्यात गॅरेजच्या फरशीवर ठेवलेली शिशाची लगड उचलली आणि थेट वितळलेल्या पॉटमध्ये सोडली. कोरडी दिसत होती, पण थंड लगडीवर दमट हवेचं दव धरलेलं असतं ते डोळ्याला दिसत नाही. एक थेंब पाणी वाफ झाली की सतराशे पट फुगते, आणि ते शिशाच्या खाली झालं तर वरचं शिसं कुठे जाणार? छतावर. फाट असा आवाज आला आणि छताला चांदीचे शिंतोडे, अजून आहेत, घर विकताना समजावून सांगायला लागणार आहेत कोणालातरी. तोंडावर पूर्ण काच होती, अंगात जाड सुती शर्ट, चामड्याचे हातमोजे आणि बूट, त्यामुळे मनगटावर एक डाग एवढ्यावर भागलं. तेव्हापासून प्रत्येक लगड आधी पॉटच्या काठावर दहा मिनिटं तापवून मगच चिमट्याने आत.

शिसं आणायचं कुठून हा अजून एक मोठा खेळ. मला शुद्ध, मऊ लागतं. छपराच्या सांध्यांना लावलेले जुने पत्रे, जुने प्लंबिंगचे पाइप, एक्स-रे खोलीच्या भिंतीतले पत्रे, हे उत्तम. नखाने ओरखडा काढून बघायचा, नख सहज रुतलं आणि तुकडा हाताने वाकला की मऊ. गाड्यांच्या चाकांची वजनं फुकट मिळायची म्हणे पूर्वी, पण त्यात अँटिमनी असते आणि आता तर अर्धी जस्ताची आणि लोखंडाची असतात, माझ्या कामाची नाहीत. आणि गाडीची बॅटरी? फोडू नका. कधीच नका. ॲसिड आहेच, पण त्यातल्या प्लेटांमध्ये जे बाकीचे धातू असतात त्यांच्या मळीला ओल लागली तर आर्सिनसारखा विषारी वायू सुटू शकतो. कोणी स्वस्तात देतोय म्हणाला तरी हात जोडायचे.

एकदा मला एका बंद पडलेल्या छापखान्याचं धातू मिळालं. लायनोटाइपचं, म्हणजे अक्षरांची ओळच्या ओळ धातूत ओतणाऱ्या यंत्राचं. त्यात चार टक्के कथील आणि बारा टक्के अँटिमनी, बाकी शिसं, दगडासारखं टणक, माझ्या गोळ्यांना पूर्ण निरुपयोगी, पण पिस्तूलवाले त्यावर जीव टाकतात कारण साच्यात अक्षराची बारीक रेघ पण भरून काढायची त्याला सवय. मामा साताऱ्याला छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यांच्या नखांत कायम काळं असायचं आणि त्याच हाताने ते डबा खायचे. मी ते धातू क्लबमधल्या एकाला दिलं आणि बदल्यात त्याच्याकडून छपराचा पत्रा घेतला. दोन-तीन ओळी मात्र ठेवल्या आहेत, उलट्या अक्षरात कुठल्यातरी चर्चच्या भोजनाची जाहिरात आहे.

पॉटमध्ये शिसं साफ करायला मी मधमाशांच्या मेणाचा वाटाण्याएवढा तुकडा टाकतो, धूर होतो, तो काडीने पेटवून द्यायचा, ढवळायचं, कडा खरवडायच्या, वर येईल ती काळी मळी झाऱ्याने काढायची. कल्हईवाला नवसागर टाकायचा आणि भस्सकन पांढरा धूर निघायचा, ते आठवतं मला दर वेळी, धातू वेगळा, औषध वेगळं, पण ढवळणाऱ्या माणसाचा चेहरा सेम.

ही मळी मात्र सगळ्यात वाईट गोष्ट आहे या उद्योगातली. लोकांना वाटतं शिशाची वाफ चढते. शिसं उकळतं १७४९ अंशाला, आपल्या चारशेला वाफ जवळपास काहीच नसते. धोका आहे तो धुळीत, त्या राखाडी भुकटीत, आणि आपल्या हातांत. मळी झाकणाच्या डब्यात, आपटायची नाही, झाडायची नाही, डबा भरला की काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवशी देऊन यायचा. गॅरेजचं दार उघडं, पंखा पाठीमागून बाहेरच्या दिशेला. काम चालू असताना खाणं-पिणं बंद, चहा पण नाही, हे मला जड गेलं. कपडे वेगळे, धुणं वेगळं, बूट गॅरेजमध्येच. पॉट, पळी, झारा यातलं काहीही परत स्वयंपाकघरात जात नाही. मुलीला गॅरेजमध्ये यायला बंदी, कारण मुलांच्या शरीरात शिसं गेलं की मेंदूवर बेततं, इथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२१ मध्ये मुलांसाठीचा लक्ष ठेवायचा आकडा एका डेसिलिटर रक्तात साडेतीन मायक्रोग्रॅमवर आणला, आणि तो पण सुरक्षित आकडा नाही, फक्त इथून पुढे लक्ष द्या एवढंच. मी वर्षातून एकदा स्वतःचं रक्त तपासून घेतो. डॉक्टरने पहिल्यांदा विचारलं का, मी सांगितलं, त्याने खुर्ची पुढे ओढली आणि वीस मिनिटं त्याच्या आजोबांच्या रायफलबद्दल बोलला. मागे वेटिंग रूम भरलेली.

ओतून झालं की दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून वजन. ०.४९० ची शुद्ध शिशाची भरीव गोळी १७७ ग्रेन भरते, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. त्याहून दोन ग्रेनपेक्षा जास्त कमी भरली तर आत पोकळी आहे, बाहेरून कितीही चकचकीत असो. तिला परत पॉटमध्ये. परत वितळवता येतं हीच तर या धातूची मजा, चूक कितीही करा, सोमवारी केलेली चूक रविवारी परत वितळते.

मित्रा, तर तुझी यादी: साधा पॉट, चोचीची पळी, थर्मामीटर, दोन खणांचा ॲल्युमिनियमचा साचा, लाकडी दांडा, तोंडाची काच, हातमोजे, साबण. काम झालं की हात आधी थंड पाण्याने धू. तोटीचा पॉट हवाच असेल तर माझा घेऊन जा, गळतो.

आणि शीर्षकाचं राहिलं. मागच्या मे महिन्यात कुडाळला गेलो तेव्हा मांगराच्या फळीवर आजोबांचा साचा सापडला. दोन दांडे, पुढे दोन वाट्या, लाकडी मुठी कधीच्या कुजून गेलेल्या, नुसत्या सळ्या उरलेल्या. बंदूक आजोबा गेल्यावर रीतसर जमा केली होती, साच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. मी बॅगेत भरत होतो तर मामी म्हणाली, हा अडकित्ता कशाला नेतोस, चांगला पितळेचा देते की. इथे आणून गंज काढला, तेल धुतलं, शेगडीवर अर्धा तास तापवला. पहिली गोळी सुरकुतलेली, दुसरी पण, पाचवी गोल आली. व्हर्नियरने मोजून बघितलं तर ०.५७ इंच भरते. माझ्या नळीत ती जात नाही.